उपासनेला हजर, मतदानाला गैरहजर? पुण्यातले ख्रिस्ती आणि मत

क्वार्टरगेटकर

सलाम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकतेच इथे.

परवा उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा घेत उभे होतो, मतदार यादीचा विषय निघाला. आमच्यातले एक ज्येष्ठ काका, ज्यांना पवित्र शास्त्र जवळजवळ तोंडपाठ आहे, सरळ म्हणाले मी मत देत नाही, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे, फिलिप्पै ३:२०. दोनतीन जणांनी माना डोलावल्या. आता गंमत बघा, हेच काका चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत दोन महिने आधीपासून कामाला लागलेले असतात, कोण कुठल्या गटाचा, कुणाची वर्गणी थकली म्हणून कुणाचं नाव सभासद यादीतून उडणार, कुणाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची म्हणजे चार मतं पक्की होतात, सगळं यांना पाठ. तेव्हा स्वर्गातलं नागरिकत्व आड येत नाही. कमिटीच्या हातात काय असतं तर हॉलचं भाडं, कम्पाउंडची भिंत आणि नाताळचा मंडप. ज्यांच्या हातात पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने आहेत त्यांना निवडायच्या दिवशी मात्र आम्ही आध्यात्मिक होतो.

तर प्रश्न असा की मत देणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे का, की जमलं तर केलं असं एक सरकारी काम? आणि पाळकांनी पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, याबद्दल बोलावं का? कुणाला द्या ते नाही, द्या एवढंच. भांडा पण प्रेमाने. पक्षांची नावं काढलीत तर धागा बंद पडेल, आधीच सांगते.

पेठेतला

मी ख्रिस्ती नाही पण डोकावतोय, चालेल ना? पंचहौदला मिशनचा चहा घेतला म्हणून १८९० मध्ये टिळक-रानड्यांवर केवढा गहजब झाला होता, त्या मानाने तुमच्या चहाने विषय बरा काढला :) आमच्याकडे काय वेगळं आहे सांगा. सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी कोर्टात जातील आणि विधानसभेच्या सुट्टीला लोणावळा. १३ मे २०२४ ला लोकसभेला अख्ख्या पुण्याने निम्म्याच्या जेमतेम वर मतदान केलं. तेव्हा हे ख्रिस्ती दुखणं नाहीये हो, पुणेरी आहे.

वडगावशेरीचा

आम्हा कॅथलिकांकडे याचं उत्तर छापील आहे. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद २२४० बघा, कर भरणं, मतदानाचा हक्क बजावणं आणि देशाचं रक्षण करणं या तिन्ही गोष्टी एका ओळीत घालून नैतिकदृष्ट्या बंधनकारक म्हटल्यात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येही हेच सांगितलं की मत देणं हा हक्क आहे आणि कर्तव्यही, आणि ते सगळ्यांच्या हितासाठी वापरा. आणि फादर लोकांना स्वतःला मात्र सत्तेचं पद घ्यायला चर्चच्या कायद्यातच मनाई आहे. म्हणजे मतदान करा हे सांगणारा माणूस निवडणुकीला उभा राहू शकत नाही, हे मला फार आवडतं.

आता छापील एक आणि खरं एक. २०१९ ला पुण्याचं मतदान २३ एप्रिलला होतं, मंगळवार. ईस्टर होता २१ ला. गुड फ्रायडेपासून जोडून सुट्टी, आमच्या पॅरिशमधले निम्मे लोक गोव्याला, उरलेले वसईला. पुनरुत्थान साजरं झालं आणि मत गेलं.

नवी_पालवी

थोडं उलट बोलते, रागावू नका. येशूने रोमन सुभेदार पिलातासमोर सांगितलं माझं राज्य या जगाचं नाही. पहिल्या तीन शतकांत मंडळीकडे ना मत होतं ना सत्ता आणि तरी ती वाढली. स्तोत्र १४६ म्हणतं अधिपतींवर भरवसा ठेवू नका. मी १ तीमथ्य २ प्रमाणे राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करते, दर रविवारी, नावं घेऊन करते, टॅक्स भरते, कुणाचं वाईट करत नाही. एक बटण दाबलं नाही म्हणून माझा विश्वास कमी कसा होतो? सगळे उमेदवार सारखेच, आज या झेंड्याखाली उद्या त्या. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक तर मतदान करतच नाहीत आणि त्यांना कुणी देशद्रोही म्हणत नाही, म्हणूही नये. न देणं हाही माझ्या सद्सद्विवेकाचा भाग आहे.

क्वार्टरगेटकर

पालवी, रागावणार कशाला, इतकं नीट मांडलंस. कायद्याने सक्ती नाही आणि नसावीच. साक्षीदारांचं मी वेगळं धरते, ते पक्ष, राष्ट्रगीत, मतदान सगळ्यापासून अंतर ठेवून राहतात आणि त्याची किंमत मोजतात. त्यांच्यातल्याच केरळमधल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ ला जिंकली. ती मुलं गीत सुरू असताना आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. त्याला विवेक म्हणायचं. आमचे काका मत देत नाहीत ते मॅच असते म्हणून.

पण काकांच्या फिलिप्पैच्या वचनाचंच बघ ना. ते वचन लिहिलं पौलाने, आणि लिहिलं कुणाला तर रोमन वसाहतीतल्या, रोमन नागरिकत्वाचा अभिमान मिरवणाऱ्या शहरातल्या लोकांना. तोच पौल प्रेषित २२ मध्ये फटके मारायला बांधलं तेव्हा शताधिपतीला काय विचारतो? रोमन माणसाला चौकशीशिवाय फटके मारणं कायदेशीर आहे का. आणि २५ व्या अध्यायात थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागतो. स्वर्गातलं नागरिकत्व खिशात असताना त्याने जमिनीवरचं फेकून नाही दिलं, अडलं तिथे वापरलं. आणि पहिल्या तीन शतकांत मत नव्हतं हे बरोबर, पण ते नाकारलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

राज्यकर्त्यांसाठी तू प्रार्थना करतेस ते उत्तमच. पण तीमथ्याला पत्र लिहिलं तेव्हा राजा कोण असावा यात प्रजेचा हात नव्हता. आज आहे. मग जिथे हात घालता येतो तिथे हात जोडून थांबायचं का?

भगिनीमंडळवाली

शास्ते ९ वाचा सगळ्यांनी. योथामाची गोष्ट. झाडं राजा निवडायला निघतात, जैतुनाकडे जातात तर तो म्हणतो माझं तेल सोडून मी कशाला येऊ, अंजीर म्हणतो माझी गोडी सोडू का, द्राक्षवेल म्हणते माझा रस कोण देणार. शेवटी काटेरी झुडपाला विचारतात. ते एका पायावर तयार. आणि पहिलं वाक्य काय बोलतं तर या माझ्या सावलीत, नाहीतर माझ्यातून आग निघून लबानोनाचे गंधसरू जाळेन. काट्याची सावली! आमच्या मंडळात मी हे वाचलं तेव्हा एकजण म्हणाली ताई, हे आमच्या वॉर्डाचं आहे का :))

मला वाटतं दोष झुडपाचा नाहीच, त्याचा तो स्वभाव. जैतून, अंजीर, द्राक्ष तिघंही आपापल्या चांगुलपणात इतकी मग्न की त्यांना वेळ नाही.

वडगावशेरीचा

अंजीर म्हटलं की पुरंदर आठवतं हो. बाकी कडक.

कायदेकानू

पाळकांनी काय बोलावं यावर कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर ‘आपल्या समाजाने एकगठ्ठा’ वगैरे फिरायला लागतं आणि लोकांना वाटतं आपण घरातल्या घरात बोलतोय.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. पोटकलम ३ प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावावर मत मागणं किंवा देऊ नका म्हणणं हा भ्रष्ट आचार. पूर्वी अर्थ असा घ्यायचे की उमेदवाराचा धर्म काढला तर गुन्हा. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की मतदाराचा धर्म काढला तरी तेच. ‘मी ख्रिस्ती आहे’ जितकं चुकीचं तितकंच ‘तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून’. प्रकरण मुंबईतल्याच १९९० च्या विधानसभेचं, म्हणजे निकालाला किती वर्षं लागली ते मोजा.

पोटकलम २ तर पाळकांनी फ्रेम करून लावावं असं आहे. अमक्याला मत दिलंस किंवा दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, धर्माकडून ठपका येईल अशी भीती घालणं म्हणजे गैरवाजवी दडपण. हा शब्दशः देवाच्या कोपाचा उल्लेख आपल्या निवडणूक कायद्यात आहे. शिवाय १९८८ चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराचा कायदा आहे, देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, कुणाचीही जागा राजकीय कामाला वापरायची नाही. उमेदवार नाताळला केक कापायला आला तर पाहुणा. स्टेजवर चढून मला लक्षात ठेवा म्हणाला की पंचाईत.

मतदान करा, यादीत नाव तपासा, पैसे घेऊ नका, एवढं पुलपिटावरून खुशाल सांगा. याने काही मोडत नाही.

खडकीचे_आजोबा

तरुण मंडळींनो, थोडं मागचं. ब्रिटिश काळात भारतीय ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ होते, आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा, तोही सगळ्यांनी नाही, ज्याच्याकडे मिळकत किंवा शिक्षण त्याने. घटना समितीत हा विषय आला तेव्हा अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी. बंगाली ख्रिश्चन, घटना समितीचे उपाध्यक्ष, पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल. मे १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडायचं ठरलं, त्यात ते पुढे होते, मद्रासकडचे जेझुइट फादर जेरोम डिसोझाही त्याच बाजूचे. त्यांचं म्हणणं वेगळ्या पेटीत मत टाकून आपण वेगळेच राहू, सगळ्यांच्या पेटीत टाकू.

हा विश्वास होता हो, राजकीय डाव नव्हता. आणि त्या वेळी बदल्यात मिळालं काय तर प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत, बाई असो बुवा असो. ते मत घरी ठेवायचं तर मग त्या लोकांनी सोडलं कशासाठी. आमच्या खडकीत रेल्वे आणि ॲम्युनिशन फॅक्टरीतली अँग्लो इंडियन कुटुंबं होती, लोकसभेत त्यांचे दोन नेमलेले खासदार असायचे, तेही जानेवारी २०२० पासून बंद. आता सगळ्यांचा एकच दरवाजा.

निळी_छत्री

आजोबा मान आहे तुमचा, पण हे गोड चित्र अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं मी सांगते कारण ते आमच्या घरात घडतं.

पुण्यातले मराठी ख्रिस्ती कोण आहेत? बहुतेकांची मुळं नगर, जालना, संभाजीनगरकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत, पणजोबाने मिशनच्या शाळेत पाटी धरली आणि नाव बदललं, गाव काही बदलला नाही. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश म्हणतो हिंदू असाल तर अनुसूचित जाती. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. माझी सख्खी चुलत बहीण बौद्ध आहे, आडनाव एक, आजी एक, तिला दाखला आहे मला नाही.

आता नकाशा बघा. पुणे कॅन्टोन्मेंट विधानसभा, जिथे कॅम्पातली जुनी चर्च आहेत, जिथे आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणजे माझ्यासारखी तिथे मत देऊ शकते, उभी राहू शकत नाही. धागाकर्तीने विचारलंय मत देणं कर्तव्य आहे का. असेल. पण चर्चच्या कमिटीत उभं राहायचं असेल तर सभासदत्व पुरतं, विधानसभेला माझ्या भागात माझा विश्वासच आडवा येतो. मग काकांनी हॉलच्या भाड्यासाठी जीव टाकला तर मी त्यांना हसत नाही. तिथे निदान त्यांचं नाव चिठ्ठीवर छापता येतं.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ ला सांगून झालं की ही धर्माची अट काढा. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. मधल्या काळात किती निवडणुका झाल्या ते तुम्हीच धरा.

क्वार्टरगेटकर

छत्री, हे मी धाग्यात आणायला हवं होतं असं नाही म्हणणार, कारण तू आणलंस तसं मला आणता आलं नसतं. एकच विचारते, भांडणासाठी नाही. तू मत देतेस का?

निळी_छत्री

देते. दर वेळी. रागाने देते.

माझी मामी म्हणते रागाने दिलेलं दान देव घेत नाही, मी म्हणते मत दान नाहीये मामी. ज्यांच्याकडे दाखला आहे आणि जे उभे राहतात त्यांना आमच्या घरी यावं लागतं ते फक्त मताला. त्या दहा मिनिटांत मी हा प्रश्न विचारते, खुर्चीवर बसवून, चहा देऊन. गेल्या वेळी एकजण म्हणाला ताई हा केंद्राचा विषय आहे, मी म्हटलं तुमच्या केंद्रातल्या साहेबांना फोन लावा, मी थांबते. लावला नाही अर्थात. पण सोबतच्या कार्यकर्त्याने डायरीत काहीतरी लिहिलं. मत दिलं नसतं तर ही दहा मिनिटंही गेली असती.

पेठेतला

हा प्रतिसाद वेगळा धागा होऊ शकतो. __/\__

कॅम्पातली_पोर

आमचं तर अजून मजेशीर. कॅन्टोन्मेंट बोर्डाची शेवटची निवडणूक २०१५ ला झाली. मग मुदतवाढ, मग नेमलेले लोक. ३० एप्रिल २०२३ तारीख लागली होती, पोस्टर छापून झाले होते पोरांचे, मार्चमध्येच ती रद्द. आता सिव्हिल भाग महापालिकेत घालायचं चाललंय. म्हणजे पलीकडच्या रस्त्यावर महापालिकेला एका प्रभागात चार नगरसेवक, चार बटणं, आणि अलीकडे आम्ही कचऱ्याची तक्रार कुणाकडे करायची ते गुगल करतोय. ज्यांच्याकडे चार चार मतं आहेत ते लोणावळ्याला जातात हे वाचून जरा जळजळ झाली खरं सांगायचं तर.

डोंगरदऱ्या

कॉलेजला माझी रूममेट आयझॉलची होती, तिच्याकडून ऐकून मग मी नीट वाचलं. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने २००६ पासून एक लोकमंच आहे, तो सगळ्या पक्षांकडून करार लिहून घेतो, घरोघर प्रचार किती, झेंडे-बॅनर किती, जेवणावळी नाहीत, आणि उमेदवार एकाच स्टेजवर येऊन बोलतात. आपल्याकडच्या मानाने रस्ते चिडीचूप असतात म्हणे. २०२३ ची मतमोजणी ३ डिसेंबरला ठेवली होती, रविवार, चर्च आणि पक्ष सगळ्यांनीच विनंती केल्यावर आयोगाने मिझोरामची मोजणी ४ तारखेला नेली. नागालँडमध्ये बाप्टिस्ट चर्चची स्वच्छ निवडणूक मोहीम आहे, पैसे घेऊन मत विकणं पाप आहे असं सरळ सांगतात. मग आपल्याकडचे चर्च का गप्प?

कायदेकानू

तिथे जवळजवळ सगळे ख्रिस्ती आहेत हा फरक विसरू नका. सगळ्या पक्षांचे उमेदवार त्याच चर्चमध्ये बसतात तेव्हा चर्च पंच होऊ शकतं. पुण्यात चर्च पंच व्हायला गेलं तर खेळाडू म्हणूनच धरलं जाईल.

क्वार्टरगेटकर

हो, आणि मला तिथलं थोडं धाकाचंही वाटतं. मंडळीने पक्षाला शिस्त लावली इथपर्यंत छान, उद्या मंडळी मतदाराला शिस्त लावायला लागली तर? पडद्यामागे मी आणि देव एवढेच असावेत, पाळकसुद्धा नको.

मला जे म्हणायचंय ते आता बोलता बोलता नीट सापडतंय. ‘आपल्या समाजाचं मत’ हा शब्दच मला खटकतो. यिर्मया २९ मध्ये बंदिवासात नेलेल्या लोकांना देव काय सांगतो, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बाबेल हो! शत्रूचं शहर. तिथे घरं बांधा, बागा लावा म्हणतो. मग पुणे तर आपलं. मी मत देताना चर्चची जमीन, शाळेची ग्रँट, दफनभूमीची जागा हे बघते, खोटं कशाला बोलू, दफनभूमीचा प्रश्न खराच बिकट आहे. पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी येरवड्याहून दोन बस बदलून येतात, त्यांच्या पोराच्या महापालिका शाळेत काय चाललंय हेही त्याच बटणात आहे. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणजे नाताळला करंज्या पाठवणं एवढंच नसावं.

नवी_पालवी

ताई, शेवटचं पटलं. उमेदवार अजूनही पटत नाहीत. नोटा दाबलं तर चालेल का तुमच्या यिर्मयाला?

क्वार्टरगेटकर

चालेल. घरी बसण्यापेक्षा शंभरदा चालेल. लोकसभा-विधानसभेला नोटा कितीही पडले तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच जिंकतो एवढं लक्षात ठेवून दाब. नोटा आणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाचा मुद्दाही हाच होता की नकार देणाऱ्याचंही गुपित राहिलं पाहिजे.

भगिनीमंडळवाली

वाद पुरे, कामाचं सांगा. आमच्या भगिनी मंडळात बऱ्याच जणींची नावं यादीत सापडत नाहीत. डिसोझा आहे तर दसूझा केलंय, रूथचं रुत झालंय, एकीचं नवऱ्याच्या रकान्यात सासऱ्याचं नाव.

कॅम्पातली_पोर

काकू, नावाने शोधू नका, ओळखपत्राच्या नंबरने शोधा, निवडणूक आयोगाच्या साइटवर. स्पेलिंग, पत्ता, फोटो काहीही दुरुस्त करायचं किंवा घर बदललं असेल तर फॉर्म ८. नाव मुळातच नसेल तर फॉर्म ६. शेवटच्या आठवड्यात कुणी दाद देत नाही, आताच करा. मी रविवारी उपासनेनंतर लॅपटॉप घेऊन आवारात बसू शकते, पाळकसाहेबांना विचारा टेबल मिळेल का. कुणाला मत द्यायचं हे कुणी विचारायचं नाही या अटीवर.

खडकीचे_आजोबा

माझ्या थोरल्या भावाला जिना उतरवत नाही, वय ८७. त्याचं काय?

कायदेकानू

आजोबा, ८५ च्या पुढच्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. फॉर्म १२डी. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या भागातल्या यादी-अधिकाऱ्याकडे, जायला हवा, त्यानंतर नाही घेत. मग पथक घरी येतं, मत गुप्तच राहतं. एकदा यादीत घरून म्हणून नोंद झाली की केंद्रावर जाऊन देता येत नाही, तेव्हा भावाला आधी विचारून घ्या, काही म्हाताऱ्यांना शाई केंद्रावरच लावून घ्यायची असते.

खडकीचे_आजोबा

त्याला विचारलं. म्हणतो खुर्चीत बसवून उचलून न्या पण केंद्रावरच न्या. चार तरुण पाहिजेत, तळमजल्यापर्यंत.

वडगावशेरीचा

आम्ही दोघं येतो. अजून दोन कोण?

पेठेतला

मी धरा एक.